कबरीवर लावायची रोपं

जाण्याच्या काही दिवस आधी आईनं एकच गोष्ट मागितली. कबरीवर फुलं नकोत, अंगणातली तिची जाड पानांची रोपं लावायची.

"तू तिकडे प्वेब्ला शहरात असणार. पाणी घालायला कोण येतंय? ह्यांना कुणी लागत नाही," असं म्हणून तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तो टोमणा होता की माया, हे मी विचारलं नाही.

रोपं मिरच्यांच्या रिकाम्या डब्यांत, भिंतीलगत ओळीनं लावलेली होती. निळसर पानं, एकात एक घट्ट बसलेली. गावात त्यांना शिंपले म्हणतात. आई टेकडीवरची चुनखडीची माती चाळून आणायची आणि पानांना सुरकुत्या पडेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायची नाही.

दफनानंतर आमच्यात नऊ संध्याकाळी घरी जपमाळ होते. शवपेटी ठेवली होती तिथं जमिनीवर चुन्याचा क्रूस काढला होता, शेजारी तहानलेल्या जिवासाठी पाण्याचा पेला. त्यातलं शिळं पाणी मोरीत ओतत नाहीत, झाडाला घालतात. ते काम आईच्या थोरल्या बहिणीनं, कासिल्दा मावशीनं मागून घेतलं. फुलदाण्यांचं पाणीही ती अंगणातल्या त्या डब्यांकडेच नेत होती. मी आत मक्याचे तामालेस उकडत टोपाशी असायची. मला बाहेरचं फक्त ऐकू यायचं.

"एर्मेलिंदानं ह्यांना जन्मात एवढं पाजलं नसेल," शेजारचे एलिओदोरो म्हणायचे.

"चिकटच होती माझी बहीण. आणि तुम्ही बोलू नका, तुम्ही जपमाळेला येता की कॉफी प्यायला?"

"दोन्हीला. पण कॉफी आधी."

नवव्या संध्याकाळी क्रूस उचलला. तो चुना झाडून खोक्यात भरला. सकाळी कबरीवर न्यायचा, आणि त्याचबरोबर रोपंही.

सकाळी मी पहिलं रोप उपटायला गेले तर वरचा पानांचा गड्डाच हातात आला. खाली देठ काळा, उकडल्यासारखा मऊ. माती चिखल झालेली, तिला वास येत होता. दुसऱ्या डब्यात तेच. सगळ्या डब्यांत तेच. काही गड्डे वरून धड होते. कुजलेला भाग कापून सावलीत आठवडाभर सुकवले असते, तर कदाचित मुळं फुटली असती. ओले तसेच मातीत खोचले, तर जाणारच.

मावशी शाल गुंडाळत आली. "झालं का गं? कशी टरारलीत बघ! मरगळून गेली होती बिचारी." मग हलक्या आवाजात म्हणाली, "दवाखान्यात तिनं मला आत येऊ दिलं नाही. शेवटपर्यंत नाही. हे एवढंच करू दिलंन मला."

माझ्या हातातला गड्डा मी इतर गड्ड्यांबरोबर टोपलीत ठेवला, काळी बाजू खाली करून.

"हो मावशी," मी म्हटलं. "छान झालीत."

दफनभूमीत चुना ओतून झाल्यावर मी गुडघे टेकले. फावडं घेऊन उभ्या असलेल्या एलिओदोरोंनी टोपलीतला एक गड्डा उचलून उलटा केला.

"पोरी, ह्याला तर बूडच—"

"माहीत आहे. फावडं द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. फावडं दिलं आणि टोपी काढून बाजूला झाले.

मी एकेक गड्डा मातीत दाबून बसवला. दिसायला सुंदर होते. मावशीनं पिशवीतून बाटली काढली आणि प्रत्येकावर सावकाश पाणी ओतलं. कमी पडलं तेव्हा मीच नळावरून बाटली भरून आणून दिली.

"आता तू निश्चिंत जा," ती म्हणाली. "दर रविवारी मी येऊन बघत जाईन."

बसस्टँडवर मी प्वेब्लाहून इकडे येणाऱ्या शनिवारच्या पहिल्या गाडीची चौकशी केली. वाटेवरच्या तेवाकानच्या बाजारात असे शिंपले मिळतात. आईचे नव्हेत, पण निळे असतात, आणि रविवारी मावशीला फरक कळणार नाही.