स्नोंच्या घराची पश्चिम बाजू

टेंपरन्स स्नो हातात पहार घेऊन स्वतःच्याच घराच्या भिंतीपाशी उभी होती, आणि अमेरिकेतल्या केप कॉडच्या त्या किनारी गावात तिला अडवायची कोणाची टाप नव्हती.

घर अर्धं होतं. दार एका कडेला, त्याच्या पूर्वेला दोन खिडक्या, वर भलंमोठं धुरांडं. पश्चिमेला नुसती कोरी भिंत. जुन्या लोकांची रीतच तशी. ऐपतीपुरतं घर आधी बांधायचं आणि मुलाचं लग्न ठरलं की दाराच्या पलीकडचं उरलेलं. हे घर बांधणाऱ्याचा मुलगा लग्नाआधीच देवमाशांच्या शिकारीला गेला, तो परतलाच नाही. मग दुसरी बाजू राहिली ती राहिलीच.

आता टेंपरन्सची लेक लुराना काडीमोड घेऊन दोन पोरांसकट माहेरी आली होती. जागा होईना, तेव्हा बॉस्टनला निघते म्हणाली. टेंपरन्सने लगेच सुतार गाठला, तर गावाच्या वारसा समितीने मोडता घातला. असं अर्धं घर किनाऱ्यावर क्वचितच उरलंय, त्याला हात लावायचा नाही म्हणे. नातवंडांनी काय अंगणात झोपायचं? समितीचे तिघं समजूत घालायला आले आणि बाईने त्यांच्यादेखत पहिली फळी उचकटली.

"टेंपे, डोकं फिरलंय का तुझं?" समितीचा अध्यक्ष एल्डन म्हणाला. शाळेपासूनची ओळख त्यांची.

"फिरलंय. सरक, पायावर पडेल."

आणखी दोन फळ्या निघाल्या आणि ओकचा कोपऱ्यातला खांब उघडा पडला. त्याच्या बाहेरच्या अंगाला चौकोनी खाच कोरलेली होती. रिकामी. टेंपरन्सने एल्डनला त्या खाचेत हात घालायला लावला. तो नावा बांधणाऱ्याचा मुलगा, त्याला सांगायची गरज नव्हती. पुढची तुळई बसवायला केलेली जागा होती ती.

"तुम्ही अर्धं घर जपताय," टेंपरन्स म्हणाली. "ज्यानं बांधलं, त्याला ते पुरं करायचं होतं. मी करणार. तुम्ही हो म्हणा, नाहीतर नका म्हणू."

समितीतला एक जण नियम सांगायला लागला, त्याला एल्डनने गप्प केलं. काम जुन्याच पद्धतीने व्हावं, खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या ठोकून, एवढीच अट त्याने घातली. हे आपल्याला सांगावं लागतंय, याचाच टेंपरन्सला राग आला; ती दुसऱ्या रीतीने करणारच नव्हती.

गाडीत सामान भरणारी लुराना हे सगळं ऐकत होती. ती हातातली पेटी खाली ठेवून आली आणि कोऱ्या भिंतीपलीकडच्या गवतात जाऊन उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "माझी खिडकी समुद्राकडे काढशील?"