मिटलेलं तोंड

सत्तावन्न साली नागपूरकडच्या बड्या कॉलेजांनी आपसात सामन्यांचा नवा गट केला आणि चांद्याचं आमचं कॉलेज बाहेर ठेवलं. कारण काय, तर त्या जंगलात खेळायला जाणार कोण! जणू आम्ही वाघांशीच हुतूतू खेळत होतो. गटात नाही म्हणजे सामने नाहीत, सामने नाहीत म्हणजे खेळाचं अनुदान नाही, आणि अनुदान नाही म्हणजे खेळाडूंची फुकट खानावळ बंद. मी धानोऱ्याकडचा ढिवर, मासेमाऱ्याचं पोर. माझं शिक्षण त्या खानावळीच्या भातावरच चाललं होतं.

आमच्या खेळाच्या वारलू मास्तरांनी हातापाया पडून गटवाल्यांकडून एक सामना मिळवला. जिंकलो तर गटात, हरलो तर संपलं. मास्तरांची सारी भिस्त माझ्या दमावर होती. तो दम तलावातला. बाप मला लहानपणी बुडी मारून दगडाखालचे मासे धरायला शिकवायचा आणि दरवेळी बजावायचा, "डोमा, भेव लागलं का तोंड मिटजो. उघडलं का मेला."

सामन्याला बाप दोन दिवसांची वाट तुडवत आला. धुवट धोतर नेसून पुढेच बसला. त्याला पाहून मला धीर यायला हवा होता; उलट त्याच्यासमोर हरण्याचीच भीती वाटली.

शेवटची चढाई माझ्यावर आली. आम्ही एका गुणाने मागे. मी हुतूतू म्हणत आत शिरलो. नागपूरची ती खात्यापित्या घरची पोरं अंगावर आली, एकाने कंबर धरली, दुसऱ्याने पाय. आता हरणार, उद्यापासून खानावळ नाही, कॉलेज नाही, एवढंच डोक्यात आलं. मी जीव खाऊन ओढत राहिलो आणि दोघांना फरपटत रेषेवर हात टेकवला. जिंकलो!

टाळी एकही वाजली नाही. पंच म्हणाले, "बाद. आवाज बंद होता."

खरंच बंद होता. त्यांनी धरल्याबरोबर मी तोंड गच्च मिटलं होतं. छातीत अजून दम शिल्लक होता, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

लोक पांगल्यावर बाप जवळ आला.

"तुही चुकी नाई लेका. मीच शिकवलं तुले."

मी मान खाली घातली. त्याने माझ्या अंगावरची माती झटकली आणि हळूच विचारलं, "आता इथी राहून का करशीन? घरी चालतं?"

नाही, बाबा, मला शिकायचं आहे, मास्तरांना विचारू, कुणाच्या घरी भांडी घासीन, पण शिकीन. सगळं अगदी गळ्यापर्यंत आलं होतं.

मला फार भीती वाटत होती. माझं तोंड उघडलंच नाही.