दोर बांधण्याआधीचा फोन

आमचे हे उंच इमारतींच्या काचा पुसतात, दोराला लटकून. त्यांच्या मुकादमाचा नियम असा, की दोर बांधण्याआधी प्रत्येकाने घरी फोन करायचा. घरी काही बिनसलं असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. डोकं ठिकाणावर नसलेला माणूस त्याला वर नको असतो.

म्हणून दिवस गेल्यापासून आठ महिने मी रोज "सगळं ठीक" म्हणत आले. पाय सुजले तरी ठीक, डोळ्याला डोळा लागला नाही तरी ठीक. खोटं बोलण्यात माझा हात आता कुणी धरणार नाही.

आज मात्र उठल्यापासून बाळ हललंच नव्हतं. गोड खाल्लं, डाव्या कुशीवर पडून राहिले, पोटावर टिचक्या मारल्या. ढिम्म. नऊला फोन वाजला.

"हलतंय ना?"

"नाचतंय नुसतं," मी म्हणाले. फोन ठेवला.

जाऊबाईंना हाक मारली. एरवी शब्दाचा कीस काढणारी बाई, पण त्यांनी मुकाट्याने माझ्या पायात चपला सरकवल्या आणि दवाखाना गाठला.

नर्सने बाळाचे ठोके ऐकायला पोटाला पट्टा बांधला. यंत्रातून नुसती खरखर. तिने पट्टा जरा खाली घेतला, तरी खरखरच. माझा जीव टांगणीला लागला.

"भावजींना कळवते," जाऊबाई म्हणाल्या.

"नको. ते दोरावर असतील."

"आणि काही वेडंवाकडं झालं तर काय तोंड दाखवशील त्यांना?"

त्यांनीच फोन लावून माझ्या कानाशी धरला. मी खरं ते सांगून टाकलं.

"ऐकताय ना? आधी सावकाश खाली उतरा."

"मी खालीच आहे गं," ते म्हणाले. "तीन आठवडे बादल्या भरतोय. दोर बांधताना हात थरथरायला लागले होते. तुला उगाच घोर नको, म्हणून बोललो नाही."

असा राग आला! "तीन आठवडे? आणि मी इथे वेड्यासारखी रोज..."

"हलू नका," नर्स दटावून म्हणाली. तिने पट्टा डावीकडे दाबून धरला. खरखर थांबली आणि भरभर, एका लयीत ठोके वाजू लागले.

"ठोके चांगले आहेत," ती म्हणाली. "डॉक्टर येईपर्यंत पट्टा राहू दे."

"कसला आवाज येतोय?" फोनवरून ह्यांनी विचारलं.

"बाळाचा."

ते रडायला लागले. "मला फार भीती वाटते गं."

"मलाही," मी म्हणाले. "या लवकर."