एकट्याचं खोटं

सिस्टरना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सगळं जग त्यांना सिस्टरच म्हणायचं. सून म्हणायची, शेजारी म्हणायचे, भाजीवाली म्हणायची. मुलगा तेवढा आई म्हणे, पण चिडला की तोही सिस्टरवर यायचा.

एका मोठ्या इस्पितळात त्यांनी हयात काढली होती. त्यांच्या नवऱ्याचा जिवलग मित्र इस्पितळातल्या खाटांचा कारखाना चालवायचा. बटण दाबलं की डोक्याकडची बाजू वर होते, तसल्या खाटा. नवरा गेल्यावर वर्षभराने हे भाऊजी घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, आमच्या कंपनीवर डायरेक्टर म्हणून या. खाटा बनवणारे ढीगभर आहेत, खाटेवरच्या माणसाला ओळखणारं कुणी नाही."

सिस्टर गेल्या, आणि नुसत्या शोभेला बसल्या नाहीत. नवी खाट आली की चपला काढून स्वतः तिच्यावर आडव्या व्हायच्या. "हा कठडा बुटका आहे, म्हातारं माणूस झोपेत गडगडेल," असं पडल्यापडल्याच सांगायच्या. इंजिनियर नाकं मुरडायचे, पण कठडा उंच व्हायचा.

एका बैठकीत भाऊजींनी डायरेक्टरांच्या विम्याचा विषय काढला. उद्या कारभारावरून कुणी आपल्यावर व्यक्तिशः दावा लावला, तर वकिलाचा खर्च आणि भरपाई विमा कंपनी देईल, असं त्यांनी समजावलं.

"माझ्यावर कोण दावा लावतंय?" सिस्टर हसल्या. "मी काय केलंय?"

"काही न करणारेच आधी सापडतात, वहिनी," भाऊजी म्हणाले. सगळे हसले आणि विषय मंजूर झाला.

पुढे एका इस्पितळात त्यांच्याच खाटेची मोटर निसटली. वर केलेली बाजू धाडकन खाली आली आणि एका वृद्ध गृहस्थांचं खुब्याचं हाड मोडलं. सिस्टर दुसऱ्याच दिवशी त्यांना बघायला गेल्या. पाय वेडावाकडा ठेवलेला दिसला, तशी त्यांनी गुडघ्यांमध्ये उशी सरकवली.

"तुम्ही इथल्या?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही. ज्यांची खाट, त्या कंपनीची."

गृहस्थांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग तसेच म्हणाले, "उशी राहू द्या. बरं वाटतंय."

त्यांच्या उपचाराचं आणि भरपाईचं कारखान्याच्या दुसऱ्या विम्यातून भागलं. पण पाठोपाठ बातमी फुटली की त्या मोटरबद्दल आधीही तक्रारी आल्या होत्या. खाटा परत मागवाव्या लागल्या, शेअर गडगडले, कारखान्याला टाळं लागलं. चिडलेल्या भागधारकांनी सगळ्या डायरेक्टरांवर दावा ठोकला: तुम्ही दोष लपवलात, आमचं नुकसान तुमच्या खिशातून भरा.

नोटीस वाचून सिस्टरच्या पायाखालची वाळू सरकली. आयुष्यभराच्या कमाईचं म्हणजे हे एक घर.

"कुणी सांगितलं होतं ही नसती उठाठेव करायला?" मुलगा कडाडला. "सुक्याबरोबर ओलंही जळतं, सिस्टर!"

"त्यांना जेवू दे आधी," सून म्हणाली. तिने त्यांचं ताट पुढे ओढलं आणि शेजारी बसून राहिली. त्या दिवशी सिस्टरना सुनेचा जेवढा आधार वाटला, तेवढा पोटच्या पोराचा वाटला नाही.

विम्यामुळे एक वकीलबाई मिळाल्या. बोलायला तुटक, पण कामाला वाघीण. सिस्टरचा जीव जरा भांड्यात पडतो न पडतो, तोच विमा कंपनीने हात वर केले. अर्जात 'कसल्या तक्रारी आहेत का' या प्रश्नापुढे 'नाहीत' असं उत्तर होतं. ते खोटं निघालं, म्हणून विमाच रद्द, असं त्यांचं म्हणणं.

"म्हणजे संपलं?" सिस्टरनी विचारलं.

"नाही. एकाचं खोटं दुसऱ्याच्या माथी मारायचं नाही, अशी अट आहे यात," वकीलबाई म्हणाल्या. "ज्याला माहीत होतं त्याचा विमा गेला, ज्याला नव्हतं त्याचा टिकला. पण तुम्हाला माहीत नव्हतं, हे कसं दाखवायचं? तक्रारी आल्या तुमच्या भाऊजींकडे. ते म्हणाले की बैठकीत चर्चा झाली होती, तर सगळेच एका नावेत. दोष वाटला गेला तर त्यांचाच भार हलका होतो. त्यांचा वकील तेच सुचवत असणार."

भाऊजींना सिस्टर तीस-एक वर्षं ओळखत होत्या. पण ज्या माणसाने तक्रारी दाबल्या, त्याला आपण खरंच ओळखतो का, असं त्यांना वाटून गेलं.

चौकशी विमा कंपनीच्या कचेरीत झाली. लांबट टेबल, पाण्याचे पेले, काचेबाहेर वाहनांची रांग. भाऊजी पलीकडे बसले होते. कॉलर ढिली झालेली, दाढी घाईत केलेली. सिस्टरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"मोटरच्या तक्रारींची बोर्डाला कल्पना होती का?" अधिकाऱ्याने विचारलं.

भाऊजींचा वकील त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. भाऊजींनी नकारार्थी मान हलवली.

"नव्हती. तक्रारी माझ्याकडे आल्या. मी दाबल्या. वाटलं, नवी मोटर आली की गुपचूप बदलून टाकू. अर्जावर 'नाहीत' असंही मीच लिहिलं."

"याचा परिणाम समजतोय ना? तुम्हाला विम्याचा आधार राहणार नाही."

"समजतोय."

"या बाईंनाही सांगितलं नव्हतं?"

भाऊजींनी आता कुठे सिस्टरकडे पाहिलं. "यांना कळतं, तर यांनी त्याच दिवशी काम बंद पाडलं असतं. म्हणून तर यांना कळू दिलं नाही."

सिस्टरना राग आला आणि त्याच क्षणी डोळेही भरून आले. पदराने डोळे टिपावेत की उठून दोन शब्द सुनावावेत, ते त्यांना कळेना.

सिस्टरचा विमा टिकला. वकीलबाई शेवटपर्यंत लढल्या आणि भागधारकांशी तडजोड झाली. सिस्टरच्या आणि इतर डायरेक्टरांच्या वाट्याचं विमा कंपनीने भरलं. भाऊजींनी आपला बंगला विकला. निकाल कळला तसा मुलगा आईजवळ येऊन नुसता उभा राहिला. "आता पुन्हा आई म्हण," सिस्टर म्हणाल्या, आणि सून खळखळून हसली.

त्याच आठवड्यात सिस्टर भाऊजींकडे गेल्या. दोन खोल्यांची भाड्याची जागा, जिना अरुंद, बंगल्यातलं अवजड कपाट दारातच अडलेलं. भाऊजींना त्यांना आत कसं घ्यावं सुचेना. सिस्टर अंग चोरून कपाटाच्या कडेने आत शिरल्या.

"आभार मानायला आले," त्या म्हणाल्या.

"कसले आभार, वहिनी? खड्ड्यात मीच ढकललं तुम्हाला."

"ढकललंत. ते मी विसरणार नाही, आणि ते गृहस्थही अजून काठी घेऊन चालतात. त्यांना एकदा तोंड दाखवून या, मी येते बरोबर." त्या थांबल्या. "पण त्या दिवशी खोटं बोलून दोष सगळ्यांत वाटणं तुमच्या हातात होतं. तुम्ही बोलला नाहीत. माझं घर आज माझं आहे. हे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं मला."

भाऊजी चहा टाकतो म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. भांड्यांचा आवाजही येईना. सिस्टरनी हाक मारली नाही. कपाटाच्या सावलीत खुर्ची ओढून त्या निवांत बसून राहिल्या.