नवरदेवाचं सालपट

करमाडचा भागवत शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरीला होता, अंगानं धडधाकट होता, आणि त्याच्या दोन्ही गालांवर जुन्या मुरुमांचे काळे डाग होते. डागांकडे त्यानं कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. पण दौलताबादला मुलगी बघायला गेला तेव्हा मुलीची मावशी पोहे ठेवून आत गेली आणि दाराआड म्हणाली, "पोरगं चांगलंय, तेवढं गालाचं सोडलं तर." दार पातळ होतं.

लग्न ठरलं. मावशीचं ते वाक्य भागवतनं कुणाला सांगितलं नाही, पण लग्न आठवड्यावर आलं तेव्हा तो जालना रोडवरच्या एका त्वचेच्या दवाखान्यात जाऊन बसला.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी बरंच विचारलं. मेडिकलमधून परस्पर आणलेलं क्रीम तोंडाला लावता का? तापानंतर ओठाजवळ फोड येतात का? जखम भरल्यावर वण फुगतो का? काम उन्हात असतं का? भागवतनं सगळ्याची खरी उत्तरं दिली.

"जवळपास घरात काही कार्यक्रम?"

इथं तो अडला. नवरदेवच तोंड उजळायला आलाय, हे सांगायची त्याला लाज वाटली.

"मित्राचं लग्न हाय. पुढच्या आठवड्यात."

"मग हरकत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मित्राच्या लग्नात तुमच्याकडं कोण बघणार? तुमचं स्वतःचं असतं तर आज मी हात लावला नसता. दोन-तीन महिने आधी या म्हणाले असते."

"बरोबर हाय," भागवत म्हणाला आणि टेबलावर आडवा झाला.

त्यांनी ब्रशनं पीलचं, म्हणजे वरची कातडी काढायचं औषध लावलं. मिरची चोळल्यासारखी आग झाली, पंख्याखाली ती कमी झाली. उठल्यावर सूचना मिळाल्या. तीन-चार दिवसांनी वरची साल सुटायला लागेल, ती ओढायची नाही. ऊन नाही, वाफ नाही, घासणं नाही. हळद-बेसन तर अजिबात नाही.

"हळद थोडी चालंल का?" भागवतनं विचारलं.

"तुम्हाला कोण लावणार आहे?"

"कोणी नाय," भागवत म्हणाला.

मे महिना होता. मोटरसायकलवरचा प्रत्येक माणूस तोंडाला रुमाल गुंडाळून फिरत होता, त्यामुळे भागवतच्या रुमालाचं कुणाला काही वाटलं नाही. घरात तो आजारी असल्यासारखा भिंतीकडे तोंड करून पडे. लग्नघरात नवरदेवाकडे बघायला तशीही कुणाला सवड नसते.

हळदीच्या सकाळी मात्र त्याला पाटावर बसवलं आणि त्याची आत्या सारजाबाई हळदीची वाटी घेऊन पुढं आली. तिनं रुमाल ओढला. नाकावरची साल अर्धी सुटून वाऱ्यानं हलत होती. हनुवटीवर पापुद्रे होते. गाल लालबुंद.

सारजाबाईनं वाटी खाली ठेवली.

"पुंजा," तिनं भावाला हाक मारली. "इकडं ये. पोराला देवी आलीय."

भागवतचे वडील पुंजाराम आले, बघून मागं सरकले. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. सारजाबाईनं जमिनीला डोकं टेकून भागवतला नमस्कार केला. भागवतला खरं सांगता आलं असतं. पण वाटी खाली ठेवली गेली होती, आणि घासणं नाही म्हणजे नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

त्याला आतल्या खोलीत नेऊन कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं. सारजाबाईनं पुन्हा एकदा नमस्कार केला आणि बाहेर येऊन आचाऱ्याला सांगितलं की आता घरात फोडणी द्यायची नाही. फोडणीच्या वासानं देवीला त्रास होतो.

फकिरा आचाऱ्यासमोर चिरलेल्या वांग्यांचं टोपलं होतं.

"आत्याबाई, दोनशे माणसाला बिगर फोडणीचं वांगं वाढू व्हय?"

"वाढ."

"माणसं तोंडात धरायची नायत."

"मग तुझ्या हातात काय गुण हाय?" सारजाबाई म्हणाली.

इथवर भागवतला सगळं बरंच जमल्यासारखं वाटत होतं. मग त्याला भिंतीपलीकडून वडिलांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. पुंजाराम दौलताबादला आप्पासाहेबांशी, म्हणजे मुलीच्या वडिलांशी बोलत होते. "देवी अंगावर असताना अक्षता कशा टाकायच्या, आप्पासाहेब? पुढं ढकलू. आता तुळशीचं लग्न झाल्यावरच बघावं लागंल."

भागवत पाल्यावर उठून बसला. तुळशीचं लग्न दिवाळीनंतर. थोड्या वेळानं त्याचाच फोन वाजला. कावेरी होती, त्याची होणारी बायको. ती औषधाच्या दुकानात काम करायची.

"ताप आहे का?" तिनं विचारलं.

"नाय."

"पाण्याचे फोड?"

"नाय."

"मग काय आहे?"

"सालपट निघायलंय."

"पील केलं का तुम्ही?"

"व्हय."

"लग्नाच्या आठवड्यात कोणत्या डॉक्टरनं केलं?"

"मी मित्राचं लग्न सांगितलं."

मागून दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"कशाला केलं पण?"

"तुमची मावशी म्हणली, गालाचं सोडलं तर."

"मावशी लग्न करायलीय का तुमच्याशी?"

"नाय."

"मग? आता मी सांगू का तुम्ही सांगता?"

"मी सांगतो," भागवत म्हणाला.

तो मांडवात आला तेव्हा वाट करून देण्यासाठी माणसं दोन्ही बाजूंना सरकली. त्यानं एकदम सांगून टाकलं. देवी नाही. शहरातल्या डॉक्टरनं औषध लावलंय, त्यानं वरची कातडी निघते.

"कशाला काढायची?" पुंजारामनं विचारलं.

"खालची चांगली असती म्हणून."

पुंजारामनं यावर विचार केला. त्यांना विरोध करण्यासारखं काही सापडलं नाही.

"म्हंजी देवी नाय," सारजाबाई म्हणाली.

"नाय, आत्या."

"मी तुझ्या पाया पडले."

"व्हय."

"दोन बारी. मग बोलला का नाय?"

"तू पडत होती," भागवत म्हणाला.

सारजाबाईनं डॉक्टर नेमकं काय म्हणाली ते विचारलं आणि भागवतनं सांगितलेलं सगळं नीट ऐकून घेतलं. तिनं त्याला पुन्हा पाटावर बसवलं, स्वतः शेजारी उभी राहिली आणि हातापायाला, पाठीला, दंडाला हळद लावू दिली. एका चुलतीचा हात सवयीनं गालाकडे गेला तो तिनं वरच्यावर धरला.

"मानंच्या वर नाय," ती म्हणाली. "आपल्याला कळत नाय त्यातलं."

उरलेली उष्टी हळद नवरीसाठी डब्यात भरून झाली. पुंजाराम फोन घेऊन मांडवाच्या टोकाला गेले. आप्पासाहेबांना काय सांगावं हे त्यांना सुचेना.

"हळद पाठवतो," ते म्हणाले. "लग्न उद्याच. देवी गेली."

"एवढ्यात?"

"व्हय. समजदार निघाली."

दुसऱ्या दिवशी दुपारी दौलताबादला अक्षता पडल्या. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा कावेरीनं भागवतच्या तोंडाकडे जरा जवळून बघितलं, दुकानात औषधाच्या पट्टीवरची तारीख बघत असे तसं. हार घातले गेले. मावशी पुढं बसली होती, तीही त्याच्या गालांकडे बघत होती. मग फोटोग्राफरनं दोघांना स्टेजच्या कडेला बोलावलं. तिथं मांडवाचं कापड संपत होतं आणि ऊन येत होतं.

"नवरदेव, जरा पुढं या, उजेडात," तो म्हणाला.

"ते येणार नाहीत," कावेरी म्हणाली आणि भागवतशेजारी सावलीतच उभी राहिली.