कोठीची किल्ली

प्राचार्या पोहण्याचा तलाव दाखवत होत्या आणि अप्पा कुठे दिसत नव्हते.

ते कुठे सापडतील हे सरोजिनीला ठाऊक होतं. सुट्टीमुळे मुलींचं वसतिगृह रिकामं होतं. तिथल्या न्हाणीघरांच्या रांगेत वडील एकेक कडी आतून लावून, काढून बघत होते. चौदा वर्षांची श्रिया बाहेर उभी राहून मोजत होती.

"नऊ झाल्या. आई, पुढच्या शाळेला मी येणार नाही. लाज वाटते."

"पुढची नको असेल तर इथल्या कड्या नीट निघू देत म्हण," अप्पा आतून म्हणाले.

अठ्ठावीस वर्षं ते कर्जतच्या डोंगराकडच्या आश्रमशाळेत अधीक्षक होते. निकाल, मैदानं, तलाव यांकडे ते ढुंकून बघत नसत. पहिली शाळा त्यांनी नाकारली, कारण आजारी मुलांच्या खोलीत खुर्च्या रचल्या होत्या. दुसरीतलं जेवण उत्तम होतं, पण वाढणारी बाई कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. लोधिवलीजवळची ही तिसरी.

सरोजिनीची पनवेलच्या इस्पितळात दिवसपाळी-रात्रपाळीची नोकरी. घटस्फोटानंतर ती माहेरी आली, तेव्हापासून श्रियाला अप्पांनीच वाढवलं. आणि आता डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचं सांगितल्यापासून तेच तिच्यासाठी निवासी शाळा शोधत होते.

"घाई कशाला, अप्पा? दहावी होऊ दे," ती रोज म्हणे.

"मी आहे तोवर बघू, सरू," ते रोज म्हणत, आणि ती विषय बदलत असे.

कड्या संपवून ते स्वयंपाकघरात शिरले. चुलीपाशी पन्नाशीची एक बाई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"सर? तुमी इथं?"

अप्पांनी चष्मा वर केला. "गौरा. नागूची मोठी."

"वळखलंत की." गौराबाईने पदराने स्टूल पुसलं. श्रियाकडे बघून म्हणाली, "ही नात व्हय? पोरी, पयल्या रात्री मी पळून जानार होते. कपडे बी बांधून ठेवले होते. तर सर आले, आन् कोठीची किल्ली माझ्या हातात दिली. म्हनले, सकाळी सहाला कोठी उघडायची. तू नसलीस तर सव्वाशे पोरं उपाशी."

"मग?"

"मग काय, पळते कशी? किल्ली मुठीत धरून झोपले. सरांच्या खिशात दुसरी किल्ली असायची, ते मला चौथीत कळलं."

"तू कुणाला सांगितलं नाहीस," अप्पा म्हणाले.

"नवी पोरं यायची ना सर दर साली. सांगून कसं चालंल?"

श्रिया हसली. तीन शाळांत पहिल्यांदाच.

बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "अकराव्या न्हाणीघराची कडी सैल आहे. तेवढी बसवून घ्यायला सांग. फॉर्म भर." सरोजिनीने या वेळी विषय बदलला नाही.

अप्पा त्याच मे महिन्याच्या शेवटी गेले. दुपारी, खुर्चीत, शाळेने दिलेली सामानाची यादी मांडीवर घेऊन. छत्रीपुढची खूण तेवढी राहिली होती.

जूनमध्ये सरोजिनीने छत्री घेतली, त्यावर नाव घातलं आणि श्रियाला पोचवून आली. तिथून निघण्यापूर्वी अकरावी कडी लावून पाहिली. घट्ट बसली.

संध्याकाळी घरात एकच ताट मांडलं होतं. साडेसातला फोन वाजला. काय बोलायचं ते तिने दिवसभर ठरवून ठेवलं होतं.

"जेवलीस का गं?"

"हो. आई, मला जास्त बोलता यायचं नाही. सकाळी लवकर उठायचंय." श्रियाचा आवाज रडून गेल्यासारखा जड होता, पण घाईतही होता. "गौरामावशींनी कोठीची किल्ली माझ्याकडे दिलीये. सहाला उघडायचीय."

सरोजिनीने मान वर केली. समोर अप्पांची खुर्ची होती.

"सांभाळून ठेव," ती म्हणाली. "हरवू नकोस हं."