बातमीकक्षात राहिलेली चाचणी

साहेब, माझा माईक तुम्ही कापलात. वर ‘माईक नादुरुस्त’ अशी पाटी लावलीत. पाटी खोटी आहे.

मित्रांनो, मी संग्रहालयातला एक जुना बातमीकक्ष आहे. एक टेबल, एक कॅमेरा, समोरच्या काचेवर सरकणाऱ्या तीन तयार बातम्या. माझ्यापाशी कुणीही बसावं, बातमी वाचावी आणि बाहेरच्या दालनातल्या मोठ्या पडद्यावर झळकावं.

मला इथल्या वायरमनने जोडलं. पहिली बातमी वाचली त्याच्या मुलीने.

“बाबा, ओळी पळतायत!”

“ओळी कुठल्या पळतायत? तूच मध्ये मध्ये केस सारखे करतेस.”

तरी त्याने ओळींचा वेग कमी केला. तो वेग मग सगळ्यांना मानवला. घरात ज्यांचं कुणी ऐकत नसे असे आजोबासुद्धा माझ्यापुढे ताठ बसून बोलत. साहेब पाहुण्यांना सांगत, “ही आमची शान!” वायरमनबद्दल अवाक्षर नाही.

त्याची एक सवय होती. दिव्याला हात लावण्याआधी तो माझा कॅमेरा सुरू करी. उजेड चेहऱ्यावर नीट पडतो का, ते नंतर चित्रणात बघून घेई; याला तो ‘दिवा चाचणी’ म्हणे.

एका सकाळी छताजवळचा दिवा बदलायचा होता, तेव्हाही त्याने कॅमेरा सुरू केला. मग म्हणाला, “साहेब, शिडीचा पाय हलतोय. दोनदा लिहून दिलंय.”

“पाहुणे दारात आलेत आणि तू शिडीची कुंडली मांडतोस? चढ!”

तो चढला. शिडी सरकली. तो माझ्या टेबलाच्या कडेवर पाठीवर आदळला.

कार्यालयाने कागद काढला: वायरमन त्या दिवशी रजेवर होता, विनापरवानगी आत शिरला, उपचारांशी आमचा संबंध नाही. सह्या झाल्या, हात झटकले.

दोन महिन्यांनी त्याची मुलगी शाळेच्या सहलीबरोबर आली. माझ्यापुढे बसली. काचेवर हवामानाची बातमी सरकत होती. तिने तिकडे पाहिलंही नाही.

“नमस्कार. माझे बाबा इथे वायरमन होते. ते रजेवर नव्हते. इथेच पडले. आता त्यांना कुशीवर वळवायलाही आई लागते.”

बाहेरच्या दालनातली माणसं मोठ्या पडद्याकडे वळली.

“अगं बाळा, काचेवरचं वाच ना,” तिच्या बाई कुजबुजल्या.

“काचेवर हे लिहिलेलंच नाही, बाई.”

साहेब धावत आले. तिची बातमी पुसली, माझा माईक कापला. आता मुलं नुसते ओठ हलवतात आणि पडद्यावर कुणा भलत्याचाच गोड आवाज वाजतो. लोक टाळ्याही पिटतात. मला किळस येते.

पण घाईत साहेबांनी फक्त मुलीची बातमी पुसली. त्या सकाळची ‘दिवा चाचणी’ माझ्या पोटात तशीच आहे. शिडी आहे, तो आहे, साहेबांचा आवाज आहे, कोपऱ्यात तारीख आणि वेळ आहे. येत्या सोमवारी मला भंगारात काढणार आहेत.

मित्रांनो, माझ्या काचा पुसू नका, मला गोंजारू नका. यंत्र फेकण्याआधी त्यात काय साठलंय ते बघा, एवढीच काळजी घ्या.

आणि साहेब, सोमवारच्या आत ती चाचणी त्या मुलीसमोर लावा. तिच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगा: तुम्ही ‘चढ’ म्हणालात, तेव्हा तिचा बाप रजेवर होता?